आजारी बाईनं केलेला चहा

“खोकून दाखवा, ताई.”

फोनमधून आवाज आला. फोन प्रणालीच्या हातात होता अन् प्रणाली माह्या बाजेजवळ उभी होती. फोनवर दिसत होते ते आमचे साहेब. कोणाले ठेवायचं, कोणाले काढायचं, कोणाले किती दिवसाची सुट्टी, कारखान्यात सगळं तेच ठरवतात. मी गोधडीत होती. ताप चवथ्या दिवसावर गेला होता. छातीवर कोणी पाटा ठेवून दिल्यासारखं वाटे. डॉक्टरची चिठ्ठी उशीखाली होती, ती प्रणालीनं फोनसमोर धरून झाली होती. साहेब म्हणे, चिठ्ठी तर कोणीही देतं.

“लाजू नका. घरचीच माणसं आहेत.”

घरचीच माणसं! नवरा दारात उभा होता. शेजारीण खिडकीतून पाहून राहिली होती. प्रणालीसोबत आमच्याच लाइनची आणखी एक पोट्टी होती, तिच्या मांडीवर संत्र्याची पिशवी. नवरा मले म्हणे, खोकून टाक ना वं, काय जाते तुहं.

खोकली मी. साहेबाले पटलं नाही. आवाज नीट आला नाही म्हणे, फोन तोंडाजवळ न्या. प्रणालीनं नेला. दुसऱ्यांदा खोकली, अन् मंग तो खोकला काही थांबे ना. पोट आवळलं, डोळ्यातून पाणी आलं, अन् खोकता खोकता साडी ओली झाली. माह्या बाजेवर, नवऱ्यासमोर, त्या पोट्ट्यायसमोर. प्रणालीनं खाली पाहिलं. तिच्या हातातला फोनही खाली वळला.

“अरे,” साहेब बोलले. मंग हसले. फार नाही, थोडंसंच.

ते हसणं मी विसरली नाही. पण तुम्ही एवढ्यात माह्यासाठी हळहळू नका. आधी मी कोण ते ऐका.

उमरेड रोडले आमचा मसाल्याचा कारखाना आहे. अकरा वर्षं मी तिथं तिखट भरलं. भिवापूरची मिरची येते, वाळते, दळते, पाकिटात जाते. कुहीकडच्या, भिवापूरकडच्या बाया रोज गाडीत कोंबून येतात, काही आमच्यासारख्या नागपुरातच किरायानं राहतात. आत हवा लाल असते. डोळे, नाक, नखं, सगळं लाल. घरी लेकराले जवळ घ्यायच्या आधी दोनदा आंघोळ करा लागते. भिंतीले दोन मोठे पंखे आहेत, धूळ बाहेर फेकणारे. ते बंद राहतात. पंखा लावला का तिखट उडून जाते, माल कमी भरते. बाहेरचं कोणी पाहाले येणार असलं का मात्र दोन्ही पंखे सकाळपासून घरघर चालू. त्या दिवशी आम्ही नाकावरचं फडकं खाली करत असू अन् एकमेकीले म्हणत असू, रोज कोणी आलं पाहिजे बापा.

बाया आजारी पडणारच. खोकला, दमा, डोळे. मंग सुट्ट्या वाढल्या. पंखे चालू करायच्या ऐवजी साहेबायनं ‘भेट’ काढली. बाई आजारी आहे म्हणून सुट्टीवर गेली का तिच्याच लाइनच्या दोघी तिच्या घरी जायच्या. संगं संत्र्याची पिशवी, संत्री नसली तर केळी. काळजी म्हणून. अन् एक कागद. त्या कागदावर लिहायचं, बाई झोपली होती का उठली होती, काय करून राहिली होती. शेवटी फोन लावून साहेबाले दाखवायचं.

त्या भेटी दोन वर्षं मी केल्या. लाइनमधी सगळ्यात सुंदर अक्षर माहं. साहेब म्हणत, ताईंचा कागद वाचला की घर डोळ्यासमोर उभं राहतं. मी फुगून जायची! आमच्या खानदानात माह्या अक्षराले कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. खोटं मी एक शब्द लिहिलं नाही. जे दिसते ते लिहायचं, हे नव्या पोट्ट्यायले मीच शिकवलं. प्रणालीलेही मीच शिकवलं.

शकुनबाईच्या घरीही मीच गेली होती.

शकुनबाई भिवापूरची. पन्नाशीची बाई, नवरा नाही, कारखान्याजवळ एका खोलीत एकटी राहत होती. मी पहिल्या दिवशी कामावर आली तेव्हा तिनं माह्या नाकावर फडकं बांधून दिलं होतं. ओलं करून बांध वं, कोरड्यातून तिखट आत जाते, असं सांगतलं. अकरा वर्षं मी फडकं ओलं करून बांधलं ते तिच्यामुळं.

थंडीचे दिवस होते. आम्ही दोघी गेलो तर शकुनबाई खाली अंथरुणावर पडली होती. श्वास असा घेत होती का खोलीच्या बाहेर ऐकू ये. आम्हाले पाहून ती उठून बसली. मी म्हटलं, राहू दे शकुनबाई, पडून राह्य. तर म्हणे, “माह्या घरी तुम्ही पहिल्यांदा आल्या अन् मी पडून राहू का वं?”

भिंत धरून उठली. गॅसवर चहाचा गंज ठेवला. थांबली. दम घेतला. मंग साखर टाकली, पुन्हा थांबली. अद्रक कुटलं. एक टोला, मंग दम, मंग दुसरा टोला. कपबश्या धुतल्या. आमच्यापाशी आणेपर्यंत अर्धा चहा बशीत सांडला होता. मी तो चहा पेली. चांगला झाला होता. बरं वाटलं मले.

मंग बाहेर पायरीवर बसून कागद लिहिला. ‘उठली. चालत गेली. चहा केला. अद्रक कुटून टाकलं.’

अद्रकसुद्धा लिहिलं मी! कोणी विचारलं होतं मले अद्रकाचं?

रोज सकाळी कामाच्या आधी आमची उभी सभा राहते. सगळ्या बाया रांगेत उभ्या, साहेब समोर. भेटीच्या दुसऱ्या दिवशी त्यायनं माहा कागद मोठ्यानं वाचला. अद्रकापाशी थांबले. “अद्रक कुटायला ताकद आहे, पाकिटं भरायला नाही,” असं म्हणाले. बाया हसल्या. मीही हसली. मंग साहेबायनं त्यायच्या आईची गोष्ट सांगतली. नागपुरातल्या महाल भागातल्या घरात भरल्या तापात चाळीस माणसायची पंगत उठवली होती म्हणे त्या माउलीनं. एका दिवसाचीही कुरकुर नाही. मले तेव्हा त्या माउलीचं लय कौतुक वाटलं. तिले कोणी पाणी विचारलं होतं का, हे मनात आलं नाही.

शकुनबाईची सुट्टी नामंजूर झाली. दुसऱ्या दिवशी ती आली. आमच्या इथं सुट्टीवरून आलेल्या बाईले चक्कीच्या तोंडाशी बसवतात. वाळलेली मिरची तिथंच आत ओततात, सगळ्यात जास्त धूळ तिथं. कोणी त्याले शिक्षा म्हणत नाही. जागा खाली होती, म्हणतात. ती जागा नेहमी खालीच असते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती पोत्यावर आडवी झाली. ओठ निळे. तोंड उघडं, पण हवा आत जाये ना. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी बोलवा, गाडी बोलवा, सगळ्या ओरडून राहिल्या होत्या. गाडी यायच्या आधी एक काम झालं. साहेब धावत आले अन् त्यायनं दोन्ही पंखे चालू केले. बाहेरची माणसं आत येणार होती ना! तिचं डोकं माह्या मांडीवर अन् पंख्याचा आवाज डोक्यावर. त्या आवाजाचा अर्थ मले त्याच वेळी समजला होता. समजूनही मी गप्प राहिली, हे लिहून ठेवते.

शकुनबाई वाचली. पण कामाची राहिली नाही. तिचा भाऊ तिले भिवापूरले घेऊन गेला. महिन्याभरात मले लाइनची प्रमुख केलं. हिरवी टोपी दिली. भिवापूर नागपूरहून काही दूर नाही. मी एकदाही गेली नाही.

आता माह्या बाजेपाशी या.

प्रणाली अन् ती दुसरी पोट्टी दारात आल्या. संत्र्याची पिशवी दिसली, कागद दिसला. काय चाललं आहे ते माह्यापेक्षा कोणाले जास्त माहीत होतं? तरी मी उठली. भिंत धरून उठली अन् गॅसवर चहाचा गंज ठेवला. काहून उठली? आजही सांगता येत नाही. दारात माणूस आलं का पाय आपोआप गॅसकडं जातात, तसंच वाढवलं आहे आम्हाले. अद्रक घेतलं. पहिला टोला मारला अन् हात तिथंच थांबला.

शकुनबाई डोळ्यासमोर आली. टोला, मंग दम. टोला, मंग दम.

मी परत येऊन पडली. मंग फोन लागला, मंग ते खोकून दाखवणं, ती ओली साडी, ते हसणं. तेवढ्यात तिकडं चहा उतू गेला. चहा गेला वं, नवरा म्हणे, ते साहेबायनं ऐकलं.

“हे काय, चहा ठेवलाय? वा. म्हणजे उभ्या राहू शकता.” मंग फोन ठेवता ठेवता, “सोमवारी या, ताई.”

नवरा गॅस बंद कराले गेला. प्रणालीनं कागद काढला. पेन घेऊन बसून राहिली. चोवीस वर्षांची पोट्टी, कपाळावर घाम. तिले लाज वाटत होती, हे मले दिसत होतं. पण पेन हातातच होता.

“काय लिहू, ताई?”

मी म्हटलं, “जे दिसते ते लिही.”

तिनं लिहिलं. खाली मान घालून, माह्यासारखं वळणदार अक्षर काढून. साडीचं नाही लिहिलं. तिले तेही दिसलं होतं. पण कागदावर त्याच्यासाठी जागा नव्हती. चहासाठी होती. दोन वर्षं मी असेच कागद भरले. एक शब्द खोटा नाही, अन् बाईचा आजार मात्र त्याच्यात कुठंच नाही. त्या दिवशी मले स्वतःची किळस आली. तापापेक्षा तीच जास्त चढली.

सोमवारी मी गेली. सुट्टीवरून आलेल्या बाईनं सभेत पुढं यायचं, लाकडी फळीवर उभं राहायचं अन् म्हणायचं, मी बरी आहे, कंपनीनं माही काळजी घेतली. मंग टाळ्या. मंग फोटो. शकुनबाईनंही तसंच म्हटलं होतं, दोन दमात. मीच टाळी सुरू केली होती.

साहेबायनं माह्या घरचा कागद वाचला. चहापाशी थांबले. बाया हसल्या. मंग मले फळीवर बोलवलं.

मी चढली. समोर साठ बाया, त्यायच्या नाकावरचे फडके, वर नुसते डोळे.

“मी बरी नाही,” मी म्हटलं.

साहेब जवळ आले. हळूच बोलले, “ताई, एवढं एकच वाक्य आहे. म्हणून टाका.”

“मी बरी नाही. शकुनबाईही बरी नव्हती. तिचा कागद मी लिहिला होता. पंखे चालू करा.”

सांगाले लाज वाटते, पण मले वाटलं होतं का एक तरी बाई हो म्हणन. एकही नाही. प्रणाली जमिनीकडं पाहून राहिली होती. साहेब मात्र चिडले नाहीत. ते कधीच चिडत नाहीत. सगळ्यायकडं वळून शांतपणे म्हणाले, “ताईंना खरंच बरं नाही. त्यांना आरामाची गरज आहे.” फाटकावर माहं कार्ड ठेवून घेतलं. चार दिवसाच्या तापात जी सुट्टी भेटली नाही ती आता भेटली. कायमची. हिरवी टोपी प्रणालीले दिली, हे मंग कळलं.

नवरा आठ दिवस एकच बोले. एक वाक्य म्हणायले काय जात होतं तुहं.

मी भिवापूरले गेली. शकुनबाई दारात खुर्चीवर बसली होती. अर्धी झाली होती बाई. एक वाक्य बोलाले तिले तीनदा थांबा लागते. मी तिच्या पायाशी बसली अन् सगळं सांगतलं, अद्रकासकट. रडली मी. ती नाही रडली.

“मले माहीत... होतं,” ती म्हणाली. “पायरीवर बसून... लिहीत होती ना वं. खिडकीतून... दिसत होती तू.”

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी तासभर बसली. तिनं मले चहा विचारला नाही. तिची भावजय उठाले लागली तर तिनं हातानं खाली बसवलं. मी तहानलेली उठली अन् बस धरली. बरोबर केलं तिनं.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यायवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी हपिसात गेली. अर्ज माह्याच हातानं लिहिला, त्याच वळणदार अक्षरात. बंद पंखे लिहिले. चक्कीच्या तोंडाची जागा लिहिली. गाडी यायच्या आधी पंखे कोणी चालू केले ते लिहिलं. मी ज्यायच्या घरी भेटीले गेली होती त्या सगळ्या बायायची नावं लिहिली, एकेकीच्या घरी काय दिसलं तेही, अन् या वेळी कोणाचा श्वास कसा चालत होता तेही. मले सगळं आठवते. कुठं काही विसरली नाही मी.

खिडकीतल्या बाबूनं अर्ज वाचला. मधातच थांबला. कोणाविरुद्ध, त्या रकान्यात दोन नावं होती. एक साहेबाचं.

“बाई, इथं तुमचं नाव चुकून पडलं,” तो म्हणाला अन् खोडाले पेन उचलला.

मी खिडकीतून हात आत घातला अन् कागदावर ठेवला.

“चुकून नाही. खोडू नका. त्याच्यावर शिक्का मारा.”