आबांच्या दहाव्याचा कावळा

मी दत्ताराम सखाराम मयेकर, वय वर्षे एक्क्याऐंशी, निवृत्त हवालदार. शाळा चौथीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर पूर्ण केले. त्यामुळे जे सांगेन ते नेमके सांगेन. पोलीस ठाण्यामागे जप्त केलेल्या सायकली साठतात, तसेच आमचे किस्से साठतात. सोडवून न्यायला कोणी येत नाही आणि टाकूनही देववत नाहीत! आज काढतो ते सगळे ऐंशीच्या दशकातल्या एकाच खुनाचे आहेत.

अंधेरीचे नगरसेवक आबा स्वतःच्या गॅरेजमध्ये मृतावस्थेत सापडले. डोक्यावर घाव, शेजारी मोटारीतलाच पाना. मोटार गणू चालवत असे, म्हणून गणू कोठडीत गेला. त्याची आई ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली, ती उठेना.

*

इन्स्पेक्टर राणेसाहेबांचा प्रश्न एकच होता. "दर गुरुवारी आबांना कुठे न्यायचास रे?"

"मी सांगूचंय नाय, सायब. आबांनी शपथ घातलेली आसा."

"अरे, फासावर जाशील! आबा गेले, आता शपथ कसली?"

"गेले म्हणानच तर! जिते असते तर तेंका इचारूक तरी मेळला असता!"

राणेसाहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि चहा मागवला. दोन कप!

*

आबांचे घर माळकरी. घरचा कारभार त्यांच्या पत्नीचे, म्हणजे माईंचे, धाकटे भाऊ विनायकराव पाहत. आमचा शिपाई पास्कल मूळचा मढचा. सुक्या मासळीच्या वासात वाढलेला. त्याने मोटारीच्या डिकीत डोके घातले आणि जाहीर केले, "साहेब, बोंबील!"

विनायकराव भडकले. "काय बोलतोस? आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही!"

पास्कल अदबीने म्हणाला, "मग ही गाडी एकटीच जेवायला जाते का, शेठ?"

*

वासाच्या मागावर आम्ही जवळच्याच वर्सोव्याच्या कोळीवाड्यात गेलो. राणेसाहेब मासळीचे व्यापारी, आम्ही त्यांची माणसे. वेशांतर झकास जमले होते! आम्ही आधीच पोहोचून बोंबलांचा भाव करत होतो. इतक्यात साहेब आले आणि पास्कल ताडकन उभा राहिला, टाच आपटली, कडक सलाम ठोकला. सवय!

मासळी वाळवणारी म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शेठला असा सलाम? कुठल्या ठाण्याचे रं तुम्ही?"

त्यानंतर साऱ्या गावाने तोंड मिटले. परतताना साहेब एवढेच म्हणाले, "पास्कल, पुढच्या वेळी बँड पण आण."

इकडे वरून फोनवर फोन येत होते: आरोपी हातात आहे, मग वाट कसली पाहता?

*

आबांचा दहावा पवईला तलावाकाठी झाला. गर्दीत आम्ही होतोच. पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. मृताची इच्छा अपुरी राहिली की असे होते, ती पुरी करण्याचे वचन द्यावे लागते, ही आपली रीत.

एक कार्यकर्ता हात जोडून म्हणाला, "आबा, तुमचं कार्य पुढे नेऊ!"

कावळा हलला नाही.

दुसरा म्हणाला, "चौकात पुतळा उभारू!"

कावळा उडाला आणि आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला!

विनायकराव घड्याळ पाहू लागले. "भटजी, दर्भाचा कावळा करा आणि उरका."

तेव्हा बायकांमधून माई पुढे आल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "अहो, वर्सोव्याच्या तुमच्या मुलीची काळजी करू नका. तिचं लग्न माझ्या दारात, मी लावून देईन."

कावळा सरळ खाली उतरला.

विनायकराव ओरडले, "ताई, तुला माहीत होतं?"

"मुलीच्या बारशापासून."

"मग तुझी अब्रू वाचवायला मी कशाला त्यांना..."

ते थांबले. कावळा खात होता.

राणेसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चला, विनायकराव. राहिलेलं वाक्य ठाण्यात पुरं करा."

गणू त्याच संध्याकाळी आईबरोबर घरी गेला. मुलीचे लग्न माईंच्या दारात झाले. दर गुरुवारची वर्सोव्याची फेरी चालूच राहिली. मागच्या सीटवर आता माई बसत.