खताच्या खड्ड्यावरचा फवारा

महागावकडच्या आमच्या घरात धाकट्या सुनेनं भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलायचं नाही. काही सांगायचं असलं तर जाऊबाईंमार्फत. मी प्राणिशास्त्र शिकून, शाळेत नोकरी करत या घरात आले, तरी हा नियम माझ्यासाठी सैल झाला नाही. त्याचा मला पहिल्यापासून राग आहे.

परसातला खताचा खड्डा तेवढा माझा होता. सगळे पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, जाळायचे. मी ती बारीक तोडून शेणात कुजवत होते. बऱ्याच खटपटीनंतर एका सकाळी ओला पाला उचलला आणि खालून रव्याच्या कणांएवढे पांढुरके जीव टणाटण उडाले. स्प्रिंगटेल! मला तर नाचावंसं वाटलं. यांना पंख नसतात. पोटाखाली एक इवली बेचकी दुमडून अडकवलेली असते. ती सुटून जमिनीवर आपटली की जीव हवेत. दमट अंधारात राहायचं, बुरशी आणि कुजका पाला खायचा, त्याची माती करायची. श्वास बहुतेकांचा कातडीतूनच, म्हणून कोरडं ऊन सोसत नाही, आणि विष तर नाहीच नाही.

आनंदाच्या भरात मी जाऊबाईंना खड्ड्यापाशी ओढत नेलं. त्यांनी नाकाला पदर लावला.

"माय वं, ह्या त पिसा!"

"पिसा नाही जी. हे जनावराले चावत नाही."

त्यांनी मान हलवली. भासऱ्यांपर्यंत मात्र पोचल्या त्या पिसाच, गोठ्यातल्या बैलांना चावणाऱ्या पिसवा.

दुपारी शाळेतून आले तर परसात कपाशीच्या औषधाचा उग्र भपकारा. भासरे पाठीवरचा पंप उतरवत होते, तोंडावर उपकार केल्याचं समाधान. मी पाला उचलला. खाली मेलेल्या जिवांची नुसती पांढरी पूड. काहीच उडेना. माझं डोकं असं फिरलं की समोर कोण आहे याची पर्वा राहिली नाही. घरात आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलले.

"काहून फवारलं? मले काहून नाही विचारलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नळीत उरलेलं औषध खड्ड्यातच झटकलं आणि मागे उभ्या असलेल्या बायकोला म्हणाले, "सांग तिले, बैलं वाचले म्हणा."

मी हाताभरावर उभी होते. तरी जाऊबाई माझ्याकडे वळल्या आणि सांगू लागल्या.