अक्काचं निळं

अक्का गेली त्याला वर्ष होत आलं. तिची पोस्टकार्डं अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत. बहुतेकांवर एकच शब्द: निळं.

ती माझी थोरली बहीण, पाटणला अंगणवाडीत; मी सांगलीला. नव्वदनंतर कधीतरी तिला मधुमेह निघाला, तेव्हा परीक्षानळी, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली मीच नेऊन दिली. चमचाभर औषधात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचे. निळं राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर भरपूर. दर रविवारी रंग कळवायचा, असं ठरलं होतं.

आधी हिरवं, पिवळं यायचं. एकदा विटकरी, खाली बारीक अक्षरात ‘लग्नात जिलबी खाल्ली’. मग लागोपाठ निळंच. मधुमेहाच्या गोळीने घेरी येऊ लागली, म्हणून गोळी आधी अर्धी झाली, नंतर बंद. अक्काने श्रेय जांभळाच्या बियांच्या पुडीला दिलं आणि गल्लीभर पुड्या वाटल्या.

एकदा गेलो तर तिचे पाय सुजलेले. डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी कॅलेंडरमागे खोचलेली होती. किडनीसाठी रक्त आणि लघवी तपासायला सांगितलं होतं.

“हे का केलं नाहीस?”

“निळं येतंय की रं. पास झालेल्या पोरीला परत परीक्षेला बसवतोस व्हय?”

“आणि ही सूज?”

“दिसभर उबी असते मी. तू खुर्चीत बसून पुस्तकं वाचणार, तुला काय ठावं!”

मी हसलो आणि चिठ्ठी पुन्हा कॅलेंडरमागे खोचली. मी, ज्याला औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा वाचायची सवय! याचा संताप अजून उतरत नाही.

पुढे श्वास लागला तेव्हा तिला सांगलीला आणलं. डॉक्टर म्हणाले, “दोन्ही किडन्या गेल्यात. किडनी थकली की गोळीचा अंमल अंगात रेंगाळतो, साखर खाली येते. मधुमेह बरा झाला म्हणून लोक पेढे वाटतात.” आम्ही पुड्या वाटल्या होत्या, एवढाच फरक. चार महिने डायलिसिस चाललं.

दहाव्याला पाटणला अक्काच्या घरी तिची शेजारीण जवळ आली. “आवं, माज्या साखरेसाठी ती जांभळाची पुडी कशी करायची, ठावं हाय का तुमास्नी? अक्कांची साखर त्यानंच गेलती.”

मी तिच्या पायांकडे पाहिलं. “सूज कधीपासून आहे?”

“ही व्हय? दिसभर उबी असते. अक्कांनी नळीत बगितलं तवा माजं बी निळंच आलंतं.”

मी आत जाऊन कॅलेंडरमागची चिठ्ठी काढली. नाव अक्काचं होतं, तपासण्या त्याच. दुसऱ्या दिवशी शेजारणीला नवऱ्यासकट एसटीत बसवून कराडला नेलं. वाटभर ती कुरकुरत होती, “निळं आलं असताना कशापायी?” तिचं रक्त देऊन होईपर्यंत मी दारातच उभा राहिलो.