यंत्रांना पान उघडून देणारे दाजी

वीज मिळालेली प्रत्येक वस्तू माणसाशी बोलायला उत्सुक असते, आपण विचारत नाही म्हणून ती गप्प बसते, असं मानणारा एकच गृहस्थ कोल्हापुरात आहे आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. मी त्यांना दाजी म्हणतो. मी बायकोचा भाऊ, म्हणून ते मला पावणं म्हणतात. राजारामपुरीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये बोलत नसलेलं यंत्र म्हणजे फक्त इस्त्री, आणि तीही बहिणीने लपवून ठेवली म्हणून. दाजी काडेपेटीएवढं कार्ड यंत्रात बसवतात. त्या कार्डात इवलासा वेब सर्व्हर असतो. मोबाइलवर चार आकडे टाकले की त्या यंत्राचं पान उघडतं आणि चालू, बंद, बिघाड सगळं तिथे दिसतं, चालू-बंदचं बटणही तिथेच असतं. इतरांच्या पानांवर इंग्रजी असतं. दाजींचा गिझर विचारतो, ‘पाणी तापलंय. येताय, का मी गार होऊ?’ माझ्या गच्चीवरच्या टाकीलाही त्यांनी कार्ड बसवलं. ती म्हणते, ‘भरली. आता बास की.’ एकदा त्यांनी कुकरच्या शिट्ट्या मोजणारं कार्ड केलं. शेजारणीचा कुकरही त्यात मोजला गेला आणि दोन्ही घरांचा भात कच्चा राहिला. बहीण म्हणाली, “भात शिजला का न्हाय ते मला वासानं कळतंय. तुमचं पान भायेर न्या.” ते त्यांनी गॅलरीत नेलं.

अनोळखी मोबाइलवर मात्र प्रत्येक पान आधी बजावतं: ‘पावणं, बघा खुशाल. बटणाला हात लावू नका.’ आल्यागेल्याला घर दाखवावं, विळी हातात देऊ नये, हे दाजींचं सुरक्षेचं तत्त्व. आणि मालक कोण, ते कसं ठरतं? “पैला उघडंल त्यो मालक. सोपं हाय.”

या सोप्या तत्त्वावर विसंबून त्यांनी कारखान्यातली नोकरी सोडली. बहिणीने दिवाळीपर्यंत मुदत दिली: तोवर एक ऑर्डर आली नाही, तर पुन्हा नोकरी. दिवाळीआधी चाचणी एकच ठरली, इचलकरंजीच्या एका यंत्रमाग शेडमध्ये. मीही सोबत गेलो.

सकाळी दाजींनी एका मागाला कार्ड बसवलं. माग दुरुस्त करणारे जॉबर रजाकभाई शेजारीच उभे होते. त्यांनी सहज आपल्या मोबाइलवर पान उघडून पाहिलं. अकराला शेडचे मालक आले आणि सगळ्या कामगारांसमोर त्यांनी मोबाइल काढला. पान म्हणालं, ‘पावणं, बघा खुशाल. बटणाला हात लावू नका.’

“माझ्याच शेडात मी पावणा व्हय?” मालक मागांच्या खडखडाटावरून ओरडले.

रजाकभाईंच्या मोबाइलवर लिहिलं होतं, ‘या मालक. काय हुकूम?’ त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि अदबीने म्हणाले, “बसा की शेठ. च्या सांगू तुमाला?”

हसून हसून दोन विणकर खाली बसले. मालक बदलायला दाजींनी लॅपटॉप उघडला. पासवर्ड तीनदा चुकला. मला बहिणीचा चेहरा दिसू लागला. इतक्यात तो माग थांबला. मालक आणि जॉबर, दोघांच्याही पानावर एकच ओळ आली: ‘ताणा तुटला. डावीकडं बघा.’ रजाकभाई डावीकडे गेले. धागा तिथेच तुटला होता. त्यांनी तो जोडला, माग पुन्हा सुरू झाला.

मालकांनी ती ओळ पुन्हा वाचली. “हितं माग का थांबला, ते मला धड कोण सांगत न्हाय,” ते म्हणाले. “ह्यो सांगतोय. सगळ्या मागांना बसवा. पण आदी मला मालक करा!”

दिवाळीनंतर दाजी आणि बहीण इचलकरंजीला राहायला गेले. अंतर तासाभराचं आहे. मी मध्यंतरी मोबाइल बदलला आणि माझ्याच टाकीचं पान म्हणालं, ‘पावणं, बघा खुशाल.’ दुरुस्ती दोन मिनिटांची आहे, दाजी फोनवरही सांगतील. फोनवर मला काही समजत नाही, तुम्हीच या, असं मी त्यांना कळवलं आहे. पुढच्या रविवारी नक्की, असं त्यांनी आतापर्यंत तीनदा सांगितलं. तोवर मोटर मी भिंतीवरच्या बटणाने चालवतो. टाकी भरली की पान म्हणतं, ‘आता बास की.’ मी नुसतं बघतो. हात लावत नाही.