ताट साफ म्हणजे जेवली

माझे गुडघे गेले ते होस्टेलच्या सैपाकघरात. चंद्रपुरातल्या मुलींच्या एका होस्टेलात मी एकवीस वर्षं भात शिजवला. आता लिहायला बसले तरी पाठ धरते. पण ही एक गोष्ट कागदावर उतरवून टाकावी म्हणते, कारण तेव्हा मी कागदावर जे लिहीत होते ते खोटं निघालं.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. नागपूरहून डॉक्टर लोक आले. पोरं आता लठ्ठ व्हायला लागलीत, ते लहानपणीच कसं थांबवावं याचा अभ्यास करायचा होता. मला हसूच आलं. माझ्या लहानपणी आमच्या झाडीपट्टीतल्या गावांत डॉक्टर यायचे ते दंड मोजून वाळकी पोरं शोधायला, आणि आता जाडी पोरं शोधायला आले. म्हटलं, असू दे बाई, भात तर मलाच शिजवायचा आहे.

त्यांनी दोन होस्टेलं घेतली. आमच्या पोरींना दर आठवड्याला धडा: काय खावं, किती खावं, किती पळावं. रस्त्यापलीकडच्या पोरींना धडा नाही, नुसतं वजन. वर्षाच्या शेवटी दोन्हीकडची वजनं ताडून पाहायची, म्हणजे धड्यानं काही होतं की नाही ते कळलं असतं. आईबापांच्या सह्या-अंगठे झाले होते, सगळं रीतसर. काम पाहणारी मॅडम तरुण होती, मायेची होती. माझ्या गुडघ्यांना मलम आणून द्यायची.

मलाही एक काम दिलं. प्रत्येक पोरीच्या नावापुढं रोज खूण करायची: पूर्ण जेवली, अर्धी जेवली, जेवली नाही. मी चौथीपर्यंतच शिकलेली, पुढचं वाचन सामानाच्या पुड्यांवरून झालं, पण खुणा करण्यापुरतं पुष्कळ होतं. पंगतीत उभं राहायला पाय कुठं होते? मी नळाशी पाटावर बसायची. पोरी ताटं घासायला आणायच्या, ताट पाहिलं की मी खूण करायची.

आता माझा एक नियम होता, तो डॉक्टरांच्या फार आधीपासूनचा. ताटात उष्टं टाकलं तर दुसऱ्या दिवशी भाताचा मोठा गंज तिनं घासायचा. त्या गंजाच्या धाकानं माझ्याकडं ताटं अशी यायची की त्यात तोंड पाहून घ्यावं. मी आपली पूर्ण, पूर्ण, पूर्ण अशा खुणा करत जायची.

पोरींत एक होती मूल गावाकडची. बाप तलावात मासे धरायचा. गोल चेहऱ्याची, हसरी, भातावर मनापासून प्रेम करणारी. वजन करणारा माणूस आकडा मोठ्यानं सांगायचा आणि दुसरा लिहून घ्यायचा. तिचा आकडा आला की मागून कोणीतरी म्हणायचं, "कोहळं आलं, काटा सांभाळा." तीही हसायची. मीही हसले आहे, खोटं कशाला सांगू?

दिवाळीपर्यंत तिचं वजन उतरलं. मॅडमनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, पोरींनी टाळ्या वाजवल्या. पुढं वजन तेवढंच राहिलं. वजनाच्या सकाळी ती हापशीवर लोट्यामागून लोटे पाणी पीत असायची. मी म्हणायची, पाहा पोरींनो, पाणी कसं प्यावं.

मग एक दिवस तिची माय आली, सुकटाची चटणी घेऊन. लेकीचा हात हातात घेतला तर बांगडी सरळ कोपरापर्यंत गेली. माझ्याकडं वळून म्हणाली, "बाई, माही पोरगी जेवते का?"

मला राग आला. सकाळपासून पाय ठणकत होते आणि वर ही मला विचारते. मी कागदांचा गठ्ठाच आणला, एकेक खूण तिला दाखवली. तिला वाचता येत नव्हतं. ती कागदाकडं पाहत होती आणि अंगठ्यानं लेकीचं मनगट चाचपत होती.

म्हणाली, "कागदावर जेवते. मंग हे काऊन असं?"

त्या संध्याकाळी मी पाट उचलला आणि पंगतीच्या मागं जाऊन बसले. तिनं दोन घास खाल्ले. मग ताट जरासं कलतं केलं आणि सगळा भात शेजारणीच्या ताटात गेला. इतकं सहज, की रोजचंच असावं. शेजारीण खाली मान घालून खात होती. गंज घासायचं कोणाच्याच नशिबी आलं नाही, आणि दोन्ही ताटं साफ.

मी तिला सैपाकघरात बोलावलं. रागावले नाही, तेवढं बळच नव्हतं. पाण्याचंही तिनंच सांगितलं: काट्यावर फार कमी भरलं तर मॅडमले समजन म्हणून. म्हणाली, "मावशी, आता भूक लागतच नाई. भात पाह्यला की भेवच लागते."

मॅडमला मी सगळं सांगितलं. ती कागद चाळत राहिली. मी म्हटलं, "ताट साफ होतं मॅडम."

"हो मावशी," ती म्हणाली, "ताट साफ होतं."

दुसऱ्याच दिवशी तिनं पोरीला अभ्यासातून काढलं आणि स्वतः मोठ्या दवाखान्यात नेलं. वजन मोठ्यानं सांगणं बंद झालं. माझ्या सगळ्या खुणा बाजूला ठेवल्या, त्यांचा काही भरवसा नव्हता. अभ्यासाचं पुढं काय निघालं ते मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पोरगी तीन महिने मायजवळ राहून, दवाखाना करून परत आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे लवकर जाणारं दुखणं नाही, तिच्यासोबत कोणीतरी बसून जेवावं. मी माझ्याजवळ बसवलं. गंजाचा नियम तेव्हाच मोडला होता. काही दिवस ती खायची, काही दिवस नुसती भाताची शितं मोजायची. आम्ही दोघी थकायचो.

एका दुपारी तिनं वरणभात कालवला, सावकाश खाल्ला, आणि ताट माझ्यासमोर सरकवलं. दोन घास उरले होते. "आता बस, मावशी. पोट भरलं."

लपवलं नव्हतं, कोणाला दिलं नव्हतं. मी ते उष्टं दाराशी बसलेल्या कुत्रीला टाकलं, आणि ताट मीच घासलं.