दामिनीची पांदण

दामिनीनं नवऱ्याचं घर सोडलं ते बुटांवरून, हे मोर्शीकडच्या तिच्या गावात अजूनही कुणाला खरं वाटत नाही.

सासर अकोल्याचं. लग्नाआधी कॉलेजात ती धावायची, जिल्ह्यापर्यंत गेली होती. लग्न झालं आणि सहा वर्षं सगळं बंद. मग एक दिवस तिनं बूट घेतले आणि सकाळी जवळच्या मैदानावर जायला लागली. आठवडाभरानं नवऱ्यानं ते बूट घरामागच्या नालीत फेकले. "बायको हायेस का पोलीस भरतीतली पोट्टी?" दामिनीनं काठीनं बूट बाहेर ओढले, नळाखाली धुतले, ओलेच पायात घातले आणि सरळ एसटी स्टँड गाठला.

दारात उभी राहिली तेव्हा वडील, खुशालराव, झेंडूची फुलं पाटीत भरत होते. त्यांनी तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. "जेवली का?" एवढंच विचारलं. बाकीचं सगळं गावानं विचारलं, रोज, वर्षभर.

खुशालरावांच्या संत्र्याच्या बगीच्यामागून एक पांदण जाते. जुनी बैलगाडीची वाट. दोन्हीकडे संत्र्याची झाडं, मग नाल्याचं पात्र, मग सागाचं रान आणि चढ, थेट सालबर्डीच्या महादेवापर्यंत. शिवरात्रीला गावोगावची माणसं याच वाटेनं पायी जायची. डांबरी रस्ता झाला तशी जीप आणि टेम्पोतून जाऊ लागली. पायी जाणारी म्हातारी माणसं तेवढी उरली. दामिनी या पांदणीतून रोज सकाळी धावू लागली. आधी नाल्यापर्यंत, मग रानापर्यंत, मग डोंगरापर्यंत.

मधला बगीचा उत्तमरावांचा. वाटेच्या अलीकडेही त्यांचा, पलीकडेही त्यांचा. एके सकाळी ते मोटरसायकल आडवी लावून उभे राहिले.

"दामिनी, उद्यापासून इकडून यायचं नाई. बाया संत्र्याच्या तोड्याले येतात, त्याईचं अर्धं ध्यान तुह्या पँटीकडेच राह्यते."

"काकाजी, मी तुमच्या बगीच्यातून नाई, पांदणीतून जाऊन राहिली."

"कोठची पांदण? माहं वावर हाय हे."

दुसऱ्या दिवशी वाटेवर बाभळीच्या काट्यांचा, म्हणजे काटेरी फांद्यांचा, ढीग होता. दामिनीनं तो बाजूला ओढला आणि धावली. तिसऱ्या दिवशी दुप्पट काट्या. तिनं त्याही ओढल्या. असं पंधरा दिवस चाललं. मग ती मोर्शीला भूमी अभिलेख कार्यालयात गेली आणि गावनकाशाची नक्कल मागितली. बाबूनं अर्ज वाचला, तिच्या गळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

"नकाशा गावचा हाय. त्याले नवरा कावून लागते?"

नक्कल मिळायला तीन चकरा झाल्या, पण मिळाली. नकाशावर पांदण होती, गावापासून नाल्यापर्यंत, बोट ठेवून दाखवता येईल अशी. दामिनीनं ती प्लास्टिकमध्ये मढवून घेतली आणि मोजणीसाठी तहसीलमध्ये अर्ज टाकला. "होईल," असं उत्तर मिळालं.

त्याच हिवाळ्यात अमरावतीच्या एका धावणाऱ्यांच्या क्लबानं शर्यत जाहीर केली. मोर्शीहून सालबर्डीच्या डोंगरापर्यंत आणि परत, एकवीस किलोमीटर, संत्र्याच्या बगीच्यांतून. आयोजक शेखर हा पस्तिशीचा, गोड बोलणारा माणूस. वाट कोणाला ठाऊक आहे असं विचारत तो दामिनीकडे आला. दोन रविवार तिनं त्याला सगळी पांदण फिरवली, नाला कुठं ओलांडायचा ते दाखवलं, झाडांना फिती बांधल्या. आपलंही नाव नोंदवलं.

शर्यत शिवरात्रीच्या आधीच्या रविवारी होती. पहाटे सगळे जमल्यावर शेखरनं माइकवरून सांगितलं, की काही अडचणीमुळे मार्ग बदलला आहे, आता डांबरी रस्त्यानं जायचं. दामिनी गर्दीतून त्याच्यासमोर गेली.

"उत्तमरावचा फोन आला होता ना?"

शेखर खाली बघत म्हणाला, "ताई, वाद नको. रस्ताही शेवटी तिथंच जातो."

"मंग फिती कायले बांधल्या? डांबरावरच पयायचं होतं तर हे लोक अमरावतीतच पयाले असते."

"तुम्ही पांदणीनं गेलात तर मला तुमचा नंबर बाद करावा लागेल."

"करा बाद."

शिट्टी वाजली. पुलापर्यंत ती सगळ्यांबरोबर होती. पूल ओलांडल्यावर सगळे सरळ गेले, ती डावीकडे उतरली. मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, चुकलात!"

"चुकली नाई!" तिनं धावताधावताच उत्तर दिलं.

पांदणीत कुणी नव्हतं. एका बाजूची झाडं पिकलेल्या फळांनी वाकली होती, दुसरीकडे नवा बहार फुटला होता आणि त्याचा वास गळ्यापर्यंत भरत होता. उत्तमरावांच्या हद्दीपाशी कमरेएवढ्या काट्या रचल्या होत्या आणि त्यांच्यापुढे ते स्वतः उभे होते. तोड्याच्या बाया क्रेट खाली ठेवून बघत होत्या.

"आज नाई सोडत तुले," उत्तमराव म्हणाले.

त्यांना वळसा घालून दामिनीनं हातांनीच फांद्या ओढायला सुरुवात केली. एक काटा तळहातात घुसला. तिनं तो दातांनी उपटला आणि पुढची फांदी धरली. मोठी फांदी एकटीला हलेना. तेवढ्यात बायांमधून माणिकबाई पुढे आली. साठीची, तोडा करणाऱ्यांत सगळ्यांत जुनी.

"मालक, नवी नवरी होती तवा आजेसासूसंग मी याच वाटेनं महादेवाले गेली होती. तवा इथी तुमचं एक झाड नोतं."

"तुले कोनं इचारलं? कामाले लाग!"

"कामालेच लागली ना," असं म्हणून माणिकबाईनं फांदीचं दुसरं टोक धरलं.

फांदी बाजूला पडली. उत्तमराव लाल झाले. "केस टाकीन तुह्यावर!"

"टाका, काकाजी. कोर्टातबी गावचा नकाशाच दाखवीन."

आणि ती पळाली. नाला, रान, गळलेल्या सागाच्या पानांचा आवाज, चढावर पेटल्यासारखे फुललेले पळस. तळहातातलं रक्त मनगटापर्यंत आलं होतं. डोंगरावर नोंद करणाऱ्या मुलीनं तिचा नंबर शोधला तेव्हा यादीत त्यावर रेघ मारलेली होती. दामिनीनं झऱ्यावर हात धुतले, महादेवाला कपाळ टेकवलं आणि आली तशीच पांदणीनं परत निघाली. येताना वाट मोकळी होती. उत्तमराव दिसले नाहीत.

मोर्शीत पोचली तेव्हा तिच्या पुढं फक्त दोन बाया आलेल्या होत्या. शेखर मेडल घेऊन सामोरा आला. "सहभागाचं तरी घ्या. एक फोटो काढू."

"तुमच्या रस्त्यावर मी धावलीच नाई. घेऊ कायले?"

माणिकबाईचं काम दुसऱ्याच दिवशी सुटलं. ते कळल्यावर दामिनी स्वतः तिच्या घरी गेली, आणि शिवरात्रीच्या झेंडूचा तोडा माणिकबाईनं खुशालरावांकडे केला. शिवरात्रीला चाळीसेक माणसं पांदणीनं चालत गेली. महादेवाला निघालेल्यांच्या पायात काट्या टाकायचं धाडस उत्तमरावांना झालं नाही.

एप्रिलमध्ये मोजणी आली. साखळी ओढली, खुंट्या ठोकल्या. पांदण निघाली तिथंच, आणि तिच्या मधोमध उत्तमरावांची संत्र्याची तीन मोठी झाडं. मोजणीदार म्हणाला, झाडं काढावी लागतील. उत्तमराव नुसते झाडांकडे बघत राहिले.

दामिनी पुढं झाली. "झाडं राहू द्या. फळावर आलेली हायेत, बाजूनं जाता येते. पन कागदावर लिहा, का ही झाडं वाटेत हायेत. वाट झाडात नाई."

मोजणीदारानं तसं लिहिलं. सह्या झाल्या. उत्तमरावांनी सही केली, पेन परत दिला आणि तिच्याशी एक अक्षरही न बोलता निघून गेले. आजही बोलत नाहीत. दामिनी रोज सकाळी त्या तीन झाडांना वळसा घालून पुढं जाते, आणि ते समोर दिसले तर मोठ्यानं म्हणते, "राम राम, काकाजी."