आठ वेढे कमी

उन्हाळ्यात माणसाला दोन गोष्टींची आठवण सारखी येते, पाण्याची आणि वाऱ्याची. दोन्ही हल्ली मोटरीवर येतात, आणि मोटर नेमकी उन्हाळ्यातच जळते. जळलेली मोटर घेऊन लोक ज्यांच्या दारात उभे राहतात त्यांना सगळी गल्ली थांबाकाका म्हणते. त्यांचं खरं नाव वीजबिलावर छापून येतं. तेवढ्यापुरतं ते महिन्यातून एकदा जिवंत होतं.

थांबाकाका वाइंडिंग करतात. मोटरीतली जळकी तार काढायची, तेवढ्याच वेढ्यांची नवी गुंडाळी करून आत बसवायची, वॉर्निश मारून सुकवायची. सांगायला सोपं आहे. त्यांच्या पुढच्या खोलीत टेबलाला जखडलेलं एक हातयंत्र आहे. दांड्यावर लाकडी साचा, बाजूला हँडल. हँडलचा एक फेरा म्हणजे तारेचा एक वेढा, आणि दर फेऱ्याला एक सैल पत्री 'टक' करते. उजवा हात हँडलवर, डाव्या हाताच्या दोन बोटांत तार, आणि आकडा डोक्यात. अशा वेळी कुणी बोललं की ते डावा हात तारेसकट वर करतात आणि म्हणतात, "थांबा." नाव तिथून पडलं.

मागे पडदा आणि पडद्यामागे स्वयंपाकघर. घराचा कायदा एकच: टकटक चालू असताना बोलायचं नाही. लग्नाला आठवडा झाला असताना काकूंनी "दूध उतू गेलं हो" अशी बातमी एकशे चाळिसाव्या वेढ्याला दिली होती. काकांनी सगळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे पाहिलं नाही. पुढे मुलीला पसंत केल्याचा निरोप घेऊन व्याही स्वतः आले, तेव्हा त्यांना उंबऱ्यात साठ वेढे उभं राहावं लागलं. जावई शांत स्वभावाचा निघाला याचं श्रेय काका त्या साठ वेढ्यांना देतात.

त्या मुलीनेच एकदा आकडे दाखवणारं छोटं यंत्र आणून दिलं होतं. हँडलला लावलं की वेढे आपोआप मोजले जातात. काकांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. मग मी काय करू? शेजारी बसून टाळ्या वाजवू?" यंत्र खोक्यासकट खालच्या खणात गेलं. एकतीस वर्षांत त्यांनी वाइंडिंग केलेली एकही मोटर वेढे चुकले म्हणून परत आली नव्हती. गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं, कारण काका ते सगळ्यांना सांगत असत.

यंदाच्या उन्हाळ्यात घर भरलेलं होतं. मुलगी सात वर्षांच्या नातीला घेऊन महिनाभर राहायला आली. पाठोपाठ काकूंची बहीण आणि तिचे यजमान. हे साडू बसवर कंडक्टर होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोचतो. सकाळी बाकावर काकांचा शाळेपासूनचा मित्र, निवृत्त पोस्टमन, पेपर वाचायला येऊन बसे. भिंतीशी पंख्यांची रांग लागली होती, तेवीस जळके पंखे, प्रत्येकावर खडूने घराचा नंबर. मधूनच कुणीतरी डोकावून विचारायचं, "आमचा झाला का?" आणि काकांचा डावा हात वर व्हायचा.

सगळं बरं चाललेलं असताना एका सकाळी प्लंबर समोरच्या इमारतीच्या पाण्याची मोटर खांद्यावर घेऊन आला. ती त्याने हलकेच टेबलावर ठेवली.

"काका, ही जळाली."

"ठेव. कुणी केली होती आधी?"

प्लंबर पायातल्या चपलेकडे बघत म्हणाला, "तुम्हीच की. नऊ दिवस झाले."

पोस्टमनने पेपर खाली घेतला.

"व्होल्टेज," काका म्हणाले.

"हो, व्होल्टेजच असणार," प्लंबर लगेच म्हणाला. व्होल्टेजची ही सोय आहे. त्याच्यावर काहीही ढकललं तरी ते येऊन उलट बोलत नाही. "पण टाकीत उद्या संध्याकाळपर्यंतचंच पाणी आहे काका. साठ घरं आहेत."

"उद्या दुपारी घेऊन जा."

दुपारी सगळे जेवून लवंडल्यावर काकांनी दाराला आतून कडी घातली आणि मोटर उघडली. काळी पडलेली गुंडाळी छिनीने एका बाजूने कापली की तारांची टोकं झुबक्यासारखी उभी राहतात. ती मोजता येतात. मोठ्या कॉइल चार, प्रत्येकीला शहाण्णव वेढे. पहिली शहाण्णव. दुसरी शहाण्णव. तिसरी अठ्ठ्याऐंशी.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा मोजली. टोकं दहा-दहाच्या जुड्या करून टेबलावर मांडली. आठ जुड्या आणि वर आठ. वेढे कमी पडले की तारेतून वीज जास्त धावते, मोटर तापते, आणि गुमान काम करत करत एक दिवस जळते. व्होल्टेजचा काही संबंध नव्हता. त्यांनी ती तार भंगाराच्या पोत्यात अगदी तळाशी घातली, वर जुने पंखे रचले.

ते घाबरले होते, आणि त्याचं कारण मोटर नव्हतं. त्यांचे थोरले भाऊ एका कचेरीत हेडक्लार्क होते. बासष्टाव्या वर्षी त्यांच्या बेरजा चुकायला लागल्या. लहानसहान गोष्टी. एका चहात दोनदा साखर, दोन चहांत एकदाही नाही. मग एका सकाळी ते बूट घालून स्वतःच्याच दारात उभे राहिले आणि समोरून येणाऱ्या याच पोस्टमनला त्यांनी आपल्या घराचा पत्ता विचारला. काका आता बासष्ट वर्षांचे होते.

पायऱ्या अकरा. खिडकीचे गज नऊ. त्या दुपारी काकांनी घरात मोजण्यासारखं जेवढं होतं तेवढं मोजून काढलं. चहाच्या वेळेपर्यंत आपल्या चौथीच्या वर्गातल्या मुलांची हजेरी पाठ म्हणून पाहिली. एकोणिसावा मुलगा आठवेना.

"आजोबा, सतरा काय?" नातीने विचारलं.

"कुठे काय?"

"तुम्ही आत्ता सतरा म्हणालात. फरशीकडे बघून."

"फरशा सतरा आहेत."

नातीने मोजल्या. "अठरा आहेत. एक टेबलाखाली आहे."

कंडक्टर खो-खो हसले. "अहो साडू, फुकट्या प्रवासी राहिला की तुमचा!"

काकांनी वाकून टेबलाखालची फरशी पाहिली. चहाला आलेला पोस्टमन बाकावरून म्हणाला, "म्हातारा झालास थांब्या. तुझ्या भावाचंही..." आणि एकदम गप्प झाला. जन्मभर पत्रं वाटलेल्या माणसाला एक वाक्य चुकीच्या पत्त्यावर पडल्याचं कळलं होतं.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "ते मोजायचं यंत्र काढू का खणातून?"

"मी मेलो का?"

एवढं बोलून ते बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. काकूंच्या बहिणीने उगाचच कलिंगडाची साल कापायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते मोटरीवर बसले. लहान कॉइल पहाटेच करून ठेवल्या होत्या, प्रत्येक दोनदा मोजून. आता चार मोठ्या. पोस्टमन आलाच नव्हता. कंडक्टर, मुलगी आणि नात पडद्यामागे चटईवर पत्ते घेऊन बसले होते, पण पत्तेही आवाज होणार नाही असे टाकत होते. काकू भाजी चिरत होत्या.

टक. टक. टक.

पहिली कॉइल झाली. दुसरी झाली. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला; पुसायला हात मोकळा नव्हता. तिसरी सुरू झाली. पन्नासपर्यंत आकडे ओळखीच्या माणसांसारखे एकामागून एक येत होते. साठ. मग कुठेतरी मधेच रस्ता संपला. पुढचा आकडा एकसष्ट की एकाहत्तर? दोन्ही सारखेच खरे वाटत होते.

त्यांनी तार उलगडली. साचा रिकामा केला. पुन्हा पहिल्यापासून.

पडद्यामागे नातीने तोंड उघडलं, मुलीने ते हाताने बंद केलं.

टक. टक. या वेळी ते ओठ हलवून मोजत होते. आणि पुन्हा त्याच ठिकाणी आकडा सुटला. दिव्याचं बटण दाबावं आणि दिवा लागू नये तसं झालं. हँडल अर्ध्यावर थांबलं. डावा हात तारेसकट आपोआप वर गेला, पण थांबायला सांगावं असं समोर कुणी नव्हतं.

घर इतकं शांत झालं की विळीचा आवाजही थांबल्याचं ऐकू आलं. मग पडद्याआडून काकू म्हणाल्या,

"एकाहत्तर."

काकांना आधी कळलंच नाही.

"एकाहत्तर झालेत. फिरवा पुढे."

त्यांनी हँडल फिरवलं. दुसरं काय करणार होते? टक. "बहात्तर," पडदा म्हणाला. टक. "त्र्याहत्तर." शहाण्णवला पडदा म्हणाला, "बस." काकांनी कॉइल बांधली, साच्यातून सोडवली आणि उठून पडदा बाजूला सारला. काकू विळीवर बसल्या होत्या, पुढ्यात अर्धा चिरलेला दुधी.

"तुला कसं कळलं?"

"पत्री वाजते ना."

"ती वाजते. पण तू मोजतेस?"

"मग कधी बोलणार तुमच्याशी?" काकूंनी दुधीचा पुढचा तुकडा घेतला. "एकतीस वर्षं मोजतेय. मीठ संपलं हे सांगायचं तरी शहाण्णव होईपर्यंत थांबायचं. मोजलं नाही तर कसं कळणार, कधी तोंड उघडायचं ते?"

कंडक्टरांनी हातातले पत्ते उलटे ठेवले. काकांच्या मनात एक प्रश्न आला, आणि तो विचारावा की नाही हे ठरण्याआधीच विचारून झाला.

"मागच्या वेळी, याच मोटरीची तिसरी कॉइल..."

"अठ्ठ्याऐंशीला थांबलात."

"तुला ठाऊक होतं?"

"हो. हे लोक आले त्या दिवशी. कंडक्टरसाहेबांनी दारातून हाक मारली, तुम्ही उठलात, सामान आत घेतलंत आणि परत येऊन बांधूनच टाकलीत."

"बोलली का नाहीस!"

"मला वाटलं, तिला तेवढेच लागत असतील." काकूंचा आवाज जराही चढला नाही. "माझ्या कामातलं तुला काय कळतंय, हे तुम्हीच म्हणता ना? मी म्हटलं, नसेल कळत."

कंडक्टर लगेच हात झटकून उभे राहिले. "म्हणजे आमच्यामुळे! साडू, तुमचं डोकं ठणठणीत आहे, चूक आमच्या घशाची. विषय संपला."

विषय संपला असं क्षणभर सगळ्यांनाच वाटलं. मुलगी तर हसलीसुद्धा. काकूंनी विळी आडवी केली.

"आज कुणी हाक मारली नव्हती," त्या म्हणाल्या.

मुलीचं हसू तिथेच राहिलं.

"थोरल्या भावजींसारखं होतंय म्हणून घाबरलात. कालपासून फरशा मोजताय. मलाही दिसतं. सोमवारी आपण डॉक्टरांकडे जायचं."

"आणि तिथे..."

"तिथे काय ते कळेल. चौथी राहिलीय ना? बसा."

चौथी कॉइल काकूंनी स्टुलावर बसून मोजली, मोठ्याने. त्या खोलीत टकटक चालू असताना माणसाचा आवाज पहिल्यांदाच ऐकू येत होता. चाळिशीच्या पुढे गेल्यावर कंडक्टर दारात आले आणि म्हणाले, "आता बोललं तर चालतं का?" एका वेळी दोन हात वर झाले, एकात तार, दुसऱ्यात विळीवरून उठताना हातात राहिलेला दुधीचा तुकडा. मोटर दुपारी गेली. संध्याकाळी समोरच्या गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली आणि साठ घरांपैकी एकानेही त्याबद्दल काही म्हटलं नाही. काम नीट झालं की असंच होतं.

सोमवारी डॉक्टरांनी काकांना समोर बसवलं, काकूंना शेजारी. आज वार कोणता, महिना कोणता, हे झालं. मग डॉक्टर म्हणाले, "शंभरातून सात वजा करा. जे येईल त्यातून पुन्हा सात. असंच खाली खाली या. सावकाश."

"त्र्याण्णव," काका म्हणाले.

काकूंचे ओठ हलले. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"मी कुठे काय बोलले?"

"तरी."

दार लागलं. दाराला जाळीची खिडकी नव्हती, पडदाही नव्हता. काकांनी एकदा तिकडे पाहिलं.

"शहाऐंशी," ते म्हणाले. "एकोणऐंशी." मग "बहात्तर."

आणि तिथे आकडा थांबला. तेच ते ठिकाण, सत्तरच्या आसपासचं, जिथे रस्ता संपतो. वरती पंखा फिरत होता, त्याचा दर फेऱ्याला हलका आवाज येत होता. मधल्या बेअरिंगचा दोष, काकांनी मनात नोंद केली. डॉक्टरांनी पेन उचललं.

"राहू द्या, काही हरकत नाही, आपण दुसरं..."

काकांचा डावा हात वर गेला. अंगठा आणि तर्जनी चिमटीत, जणू मधे तार आहे.

"थांबा," ते म्हणाले.

डॉक्टर थांबले. दाराबाहेर कुणाच्या तरी बांगड्या वाजायच्या बंद झाल्या.

"पासष्ट."